कासारवाडी ते कासारपाल

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की शिवाजीनगर, खडकी, दापोडी आणि मग कासारवाडी. आता मेट्रोलाही त्याच नावाचं स्टेशन आहे. 6 मार्च 2022 ला पिंपरी-चिंचवड ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला, त्यातच ते आलं. ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवली आहे. मुळशीत पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली, हिंजवडीच्या पलीकडे कासारसाईचं धरण. कराड तालुक्यात कासारशिरंबे, पाथर्डीत कासार पिंपळगाव, संगमनेरला कासार दुमाला, निलंग्यात कासारशिरसी आणि कासार बालकुंदा. गोव्यात, डिचोली तालुक्यात कासारपाल.

माझं माहेरचं आडनाव कासार. त्यामुळे ही नावं पाट्यांवर दिसली की माझी नजर तिथं अडकतेच. आपलं आडनाव आणि त्या गावाचं नाव एकच कसं, हा प्रश्न लहानपणापासूनचा. यंदा दिवाळीनंतर धाकट्या भावाला सुट्टी होती, गाडी त्याची होती आणि हट्ट माझा. पुण्यातून निघायचं, कराड-कोल्हापूर-बेळगाव करत चोर्ला घाटानं गोव्यात उतरायचं आणि वाटेत जिथं जिथं कासार भेटेल तिथं थांबायचं, असं ठरलं.

निघायच्या आधी भावाला थोडं सांगावं लागलं. आडनाव लावतो, पण धंदा कशाशी खातात हे आमच्या पिढीला ठाऊक नाही. कासार म्हणजे मूळचा कांस्यकार, काशाचं काम करणारा. कासं म्हणजे तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. चांगल्या काशात शंभरात साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथील असतं. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, कथील नव्हे. कासं वाजवलं की नाद बराच वेळ घुमतो, म्हणून वारकऱ्यांचे टाळ आणि देवळातल्या घंटा काशाच्या. पण ते थंडपणी ठिसूळ असतं, गार असताना ठोकलं की तडकतं; तापवूनच घडवावं लागतं. तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीनं घासायची पद्धत अजून पुष्कळ घरांत आहे, ती वाटी हीच.

समाज म्हणाल तर एकच नाही. सोमवंशीय क्षत्रिय कासार वेगळे, त्वष्टा कासार वेगळे, जैन कासार वेगळे. त्वष्टा कासार म्हणजे मुख्यतः तांबट, तांब्याची भांडी घडवणारे; वेदांतल्या त्वष्टा या कारागीर देवाचं नाव त्यांनी घेतलं. आमच्याकडे भांडी विकणं आणि बांगड्या भरणं ही दोन्ही कामं चालत. आजोबा बाजारच्या दिवशी हंडे-कळश्या मांडून बसायचे आणि आजी बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून गल्ल्यांतून फिरायची.

पहिला मुक्काम लांब नव्हताच. कसबा पेठेतली तांबट आळी.

सकाळी लवकर गेलो, कारण उन्हं चढली की भट्टीजवळ उभं राहवत नाही असं आधीच कळलं होतं. आळीत शिरायच्या आधीच ठोके ऐकू येतात. पेशव्यांच्या काळात कोकणातून येऊन स्थिरावलेल्या तांबटांची ही वस्ती. तेव्हा नाण्यांपासून शस्त्रांपर्यंतची धातूची कामं यांच्याकडे असत, असं आळीत सांगतात. पुढे घंगाळं, बंब, हंडे, पातेली. आज वस्ती खूप आटली आहे. जुन्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यात आणि कित्येकांची पुढची पिढी नोकरीला लागली आहे. पण काम चालू आहे.

एका कारखान्याच्या दारात उभे राहिलो तर आतल्या काकांनी मान वर न करताच विचारलं, "घ्यायचंय का बघायचंय?"

"बघायचंय काका. आम्हीपण कासारच."

"मग आत या की. दारात काय उभं राहायचं?"

तांब्याची गोल चकती आधी भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. मग ती पाण्यात बुडवतात. लोखंड असं बुडवलं की कडक होतं, तांबं मात्र नरम पडतं. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी कांबेच्या टोकावर चकती धरून ठोकायची. ठोकत गेलं की तांबं पुन्हा ताठर होतं, मग पुन्हा भट्टी, पुन्हा पाणी, पुन्हा ठोके. एका भांड्याचा आकार यायला हे चक्र कितीदा तरी फिरतं. काकांच्या डाव्या हाताकडे बघत राहिले. उजवा हात हातोडा मारतो, एकाच जागी, एकाच उंचीवरून. खरं कसब डाव्या हाताचं. दर ठोक्यागणिक भांडं केसभर पुढं सरकतं. हे सरकणं थोडं जरी चुकलं तरी ओळ तुटते.

त्या ओळीला मठार म्हणतात. भांडं घडून झालं की गुळगुळीत तोंडाच्या हातोड्यानं सगळ्या अंगावर एकसारखे ठसे उठवायचे, हे मठारकाम. माझी समजूत होती की ते नक्षीसाठी असतं. काका म्हणाले, "शोभा नंतरची. मठारल्यानं पत्र्याला बळ येतं. पातळ पत्रा असला तरी पोचा पडत नाही." त्यांनी एक मठारलेलं आणि एक न मठारलेलं पातेलं माझ्या हातात दिलं आणि अंगठ्यानं दाबून बघायला लावलं. पहिलं दबेना, दुसरं लगेच आत गेलं.

भावानं विचारलं की घंगाळ आता कोण घेतं. पंचतारांकित हॉटेलवाले घेतात, बाहेरगावचे लोक कुंड्या म्हणून घेतात, नव्या पद्धतीचे पेले नि दिवे बनतात. बंब मात्र कुणी मागत नाही. गेल्या काही वर्षांत वारसा जपणाऱ्या संस्था आणि डिझाइन करणारी मंडळी या कारागिरांबरोबर काम करू लागली, म्हणून नवे आकार आले आणि थोडीफार मागणी टिकली. हे फार महत्त्वाचं काम आहे असं मला वाटतं. पंजाबातल्या जंडियाला गुरू इथल्या ठठेऱ्यांच्या भांडी घडवण्याच्या कलेची 2014 साली युनेस्कोनं अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. आपल्या कसब्यातल्या मठारकामाची योग्यता त्याहून तसूभरही कमी नाही.

या भांड्यांवर मोडीत जायची पाळी कधी आली, तर स्टील आल्यावर. माझ्या आईच्या लग्नात आलेली पितळी भांडी आईनंच नंतर मोडीत घातली आणि त्या बदल्यात स्टीलचे डबे घेतले. तिचं काही चुकलं नाही. पितळेला कल्हई लागते. कल्हई उडाली की आंबट आमटी कळकते, आणि दर वेळी कल्हईवाल्याची वाट कोण बघणार? भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं आतून झरझर पुसून घ्यायचं. बघता बघता काळं भांडं आतून चांदीसारखं होतं. दारात हा कार्यक्रम चालला की आम्ही पोरं जेवण विसरायचो. पण स्टीलला यातलं काहीच लागत नाही. मोडीत गेलेल्या त्या हंड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं कोरलेली असत, कुणाकडून कुणाला, कोणत्या लग्नात, सालासकट. कितीतरी घराण्यांची दप्तरं अशी वितळून गेली.

कासारवाडी आणि कासार आंबोली एकाच दुपारी केली. कासारवाडीत बघण्यासारखं असं वेगळं काही नाही. पुणे-मुंबई रस्ता, रेल्वेचे रूळ, नाशिक फाट्याचा उड्डाणपूल, कारखाने आणि दुकानं. कासार आंबोली पौड रस्त्यावर, डोंगरांच्या कुशीत. तिथंही आता बंगले, कंपन्या आणि हॉटेलं. भांडी घडवणारा हात शोधायला गेलात तर निराश व्हाल. पण दोन्ही ठिकाणं जिथं आहेत ती जागा मला फार बोलकी वाटली. कासारवाडी ज्या वाटेवर आहे ती मुंबईकडे जाते, आणि जवळूनच नाशिकची वाट फुटते. कासार आंबोलीचा रस्ता मुळशीवरून ताम्हिणी घाटानं कोकणात उतरतो. ठाण्याची कासारवडवली घोडबंदरच्या, म्हणजे खाडीवरच्या जुन्या बंदराच्या वाटेवर.

इथं माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होत गेली आणि पुढच्या सगळ्या प्रवासात मी तीच पडताळत राहिले. गावगाड्यातले बारा बलुतेदार आपण शाळेत पाठ केले. त्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट येतात. कासार सहसा येत नाही. कारण सरळ आहे. कुंभाराची माती गावाच्या ओढ्याला मिळते, सुताराचं लाकूड बांधावर उभं असतं. कासाराचा माल गावात पिकत नाही. कथील तर समुद्रापलीकडून, मलाया द्वीपकल्पाकडून यायचं. अठराव्या शतकात डच व्यापारी जपानचं तांबं जहाजांनी हिंदुस्थानात आणत. म्हणजे कासाराचं पोट बंदराशी, घाटाशी आणि बाजाराशी बांधलेलं. शेतकऱ्याला नांगराचा फाळ दर मोसमाला शेवटून, म्हणजे टोक नीट करून, घ्यावा लागतो, पण हंडा एकदा घेतला की दोन पिढ्या पुरतो. एका गावावर कासाराचं भागणार कसं? त्याला दहा गावं फिरावीच लागत, आणि बसायला वाटेवरचीच जागा बरी. ज्या गावात तो बसला त्या गावाला त्याचं नाव चिकटलं, असं मला वाटतं. एकाच नावाची गावं पुष्कळ असल्यानं असं नाव चिकटणं सोयीचंही होतं. नुसती आंबोली म्हटलं तर सावंतवाडीची आठवते. शिरंबे सातारा जिल्ह्यातच कोरेगाव तालुक्यातही आहे, मग कराडच्या शिरंब्याला कासारशिरंबे म्हटलं की घोटाळा राहत नाही. तळेगाव दाभाड्यांचं की ढमढेऱ्यांचं, लोणी काळभोरांची की भापकरांची, ही त्यातलीच रीत. तिथं पाटील-सरदार घराण्यांची नावं लागली. आमच्या गावांना हातानं काम करणाऱ्यांचं नाव लागलं, याचा मला अभिमान वाटतो.

कासारशिरंब्याला महामार्ग सोडून गेलो. ऊस, ऊस आणि ऊस. देवळाच्या पारावर थोडं बसलो, चहा घेतला आणि कोल्हापूरच्या वाटेला लागलो.

कोल्हापूर जवळ आलं तसा भाऊ म्हणाला, "ताई, इथं तर नदीपण आपलीच आहे." पंचगंगा ज्या नद्यांची होते त्यात कासारी आहे, कुंभी आहे, तुळशी आणि भोगावती आहेत, प्रयाग चिखलीला त्यांचा संगम होतो. पाचवी सरस्वती, गुप्त म्हणून मानलेली. कासारी शाहूवाडीच्या डोंगरांतून येते, गेळवड्याला तिच्यावर धरण आहे. मोह खूप झाला, पण ही नदी मी आमच्या खात्यात धरली नाही. संस्कृतात कासार म्हणजे तळंही. डोंगरातून, डोहाडोहानं उतरणाऱ्या नदीला ते नाव पाण्यावरूनच पडलं असणं जास्त शक्य. कासारसाईबद्दलही मी म्हणूनच जपून बोलते. दिसेल त्या पाटीवर हक्क सांगायचा नाही, हे मी भावाला बजावलं.

कोल्हापुरात हातात बांगड्या भरल्या. अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वार रोडला आलं की बांगड्यांची दुकानं लागतात. मी मुद्दाम अशा दुकानात गेले जिथं वयस्कर बाई स्वतः भरत होत्या. हल्ली बहुतेक ठिकाणी खोकं हातात देतात. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी असलेलं हाड चाचपलं आणि माप न घेताच म्हणाल्या, "सव्वादोन होणार नाही, दोन-सहा बघू." बांगडीची मापं अजून इंच-आण्यांत चालतात. इंचाचे सोळा भाग. दोन-चार म्हणजे सव्वादोन, दोन-आठ म्हणजे अडीच. आणे चलनातून जाऊन किती वर्षं झाली, कासाराच्या जिभेवरून गेले नाहीत.

"हात सैल सोडा. काही लिहीत असल्यासारखा ताठ धरू नका." मग त्यांनी माझी चार बोटं एकत्र जुळवली, अंगठा तळव्यात दुमडला, दोन बांगड्या एकदम चढवल्या आणि सांध्यापाशी थांबून हाताला किंचित पीळ दिला. काच सांध्यावरून उतरली, मला कळलंसुद्धा नाही. एक बांगडी मात्र तडकली. त्या लगेच म्हणाल्या, "वाढली एक, राहू दे." बांगडी फुटली असं कासारीण कधी म्हणत नाही. शेवटी एक बांगडी जास्तीची चढवली, पैसे न धरता, आशीर्वादाची. मी वाकून नमस्कार केला. आजीला असे नमस्कार करणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्या आहेत. त्यांत आजीहून मोठ्या वयाच्या असायच्या, वाड्यातल्या असायच्या. रोजच्या व्यवहारात ज्या घराच्या ओसरीपर्यंतच तिला जाता येई, तिथल्या सुना बांगड्या भरून झाल्यावर तिच्यापुढे वाकत. या एका रिवाजात कामाला किती मान आहे!

बांगड्या फिरोजाबादच्या. आज देशभरच्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथूनच येतात. म्हणजे इथंही तेच. माल लांबचा, हात इथला.

बेळगावात बोगारवेस हा चौक आहे. येणारे-जाणारे रोज नाव घेतात. बोगार म्हणजे कानडी मुलखातले काशा-पितळेची भांडी करणारे-विकणारे, बरेचसे जैन. म्हणजे नाव कानडी, धंदा तोच. जैन कासार आणि बोगार हे एकमेकांचे शेजारीच म्हणायचे. चौकात उभी राहून मी भावाला पुढचीही यादी सांगितली. गुजरातीत कंसारा, मुंबईत काळबादेवीला कंसारा चाळ आहे. हिंदी पट्ट्यात कसेरा. बंगालीत कांसारी, आणि कोलकात्यात भवानीपूरला कांसारीपाडा. भाषा बदलते, पण प्रत्येक जुन्या बाजारपेठेत या लोकांची एक गल्ली असतेच. आमची माणसं एका गावातून निघून सगळीकडे पांगली असं काही नाही. जिथं बाजार भरला तिथं कासार उभा राहिला, तिथल्या भाषेत त्याला नाव मिळालं.

बेळगावहून चोर्ला घाट. दुतर्फा दाट रान, खाली साखळी, मग डिचोली. डिचोली समयांसाठी आणि मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेली. गोव्याची समई आपल्या घाटावरच्या समईहून ऐटदार असते. मुळगाव, शिरगाव करत अस्नोड्याला आलो आणि तिथून कासारपालला. म्हापशाहून आलात तर साधारण 14 किलोमीटर.

कासारपालला कालिकेचं देऊळ आहे. आठशे वर्षांहून जुनं स्थान म्हणून सांगतात. गोमंतकातल्या अनेक दैवज्ञ, म्हणजे सोनार, घराण्यांची ती कुलदेवी. आम्हा कासारांचंही दैवत कालिकाच. नाशिकची कालिका, गावोगावच्या कासार आळ्यांतल्या कालिका, सगळ्यांची नावं आजी एका दमात घ्यायची. धातू वितळवणाऱ्यांनी हीच उग्र देवी का निवडली असेल, हे भट्टीसमोर उभं राहून आल्यावर विचारावंसं वाटलं नाही. डिचोली हा नव्या काबिजादीतला, म्हणजे पोर्तुगिजांनी मागाहून जिंकलेल्या मुलखातला तालुका. पोर्तुगिजांकडे तो अठराव्या शतकाच्या अखेरीस गेला, त्यामुळे सोळाव्या शतकात साष्टी-बारदेशात देवळांची जी मोडतोड झाली ती इथवर पोचली नाही. कित्येक देव तिकडून निघून अशाच भागांत आले. कालिका मात्र आपल्या जागी राहिली.

देवळात शांत होतं. भोवतीच्या झाडांत तांबट पक्षी बोलत होता, टुक, टुक, टुक, सारख्या अंतरानं. हे नाव ज्यानं ठेवलं त्यानं तांबट आळी नक्की ऐकली असणार. ओटीचं सामान घेताना दुकानातल्या बाईंनी विचारलं, "खंयच्यान आयल्यात?" पुण्याहून आलो, आडनाव कासार, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या आणि चुड्याची गोष्ट काढली. गोव्यात लग्नाआधी नवरीला चुडा भरतात तो मामाच्या घरी, हिंदूंकडे आणि ख्रिश्चनांकडेही. धर्म बदलला, चुडा राहिला. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं.

देवळापुढचा रस्ता कुठं जातो हे मी विचारलंच. दोडामार्गला. आणि त्या बाजूला बेळगावकडून रामघाटानं उतरणारी जुनी वाट येई, जिच्यावरून बैलांचे तांडे समुद्राकडे जात. कासारपालही वाटेवरचंच निघालं.

राहिलं ते मराठवाड्यातलं. निलंग्याची कासारशिरसी आणि कासार बालकुंदा अजून पाहायची आहेत. कासारशिरसीपासून बसवकल्याण फार लांब नाही, आणि बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. राजधानीच्या इतक्या जवळ कासारांच्या नावाची दोन गावं असावीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. उन्हाळ्याच्या आधी जाऊन येणार आहे. भाऊ येतो म्हणालाय, आणि या वेळी आईलाही घेऊन जायचं आहे.